बाबांचा १ जून

बाबांचा वाढदिवस १ जूनला येतो, म्हणजे कागदावर येतो. कराडजवळच्या त्यांच्या गावात त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस १ जूनलाच यायचा, कारण शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी तीच तारीख टाकली होती. जूनमध्ये शाळा सुरू होते, मूल सहा वर्षांचं हवं, मग १ जून. तुमच्या घरातही असा एखादा एक जूनवाला काका किंवा आजोबा असेल. फेसबुकवर त्या दिवशी वाढदिवसांची रांग लागते ती यामुळेच.

खरे बाबा जन्मले वसुबारसेला. हे मला आत्यानं सांगितलं. ती तेव्हा सात वर्षांची होती. आजी बाळंतीण झाली तेव्हा गोठ्यात गाय-वासराची पूजा चालली होती आणि हिला कुणी नैवेद्याची गवारीची भाजी दिली नाही, हे तिला अजून आठवतं. म्हणजे १९५६ ची दिवाळी. हेडमास्तरांनी बाबांना पाच महिने मोठं केलं. या पाच महिन्यांचं आमच्या घरात कधीच काही वाटलं नव्हतं, २०२२ च्या मे महिन्यापर्यंत.

आम्ही न्यू जर्सीत आलो तेव्हा मी आठ वर्षांची होते. बाबा एका कंपनीत हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळायचे. एडिसनला टाउनहाउस, मागच्या दारी कुंडीत तुळस आणि कढीपत्ता (थंडीत दोन्ही घरात, आईच्या शब्दांत 'पाहुणे आले'), मराठी मंडळाचा गणपती, आईची भिशी. २०१९ मध्ये बाबांची नोकरी गेली. दोन वर्षं त्यांनी बाजारातला महागडा विमा घेऊन काढली आणि 'पासष्टची' वाट पाहिली. अमेरिकेत पासष्ट हे वय असं वाट पाहण्याचं आहे. त्या वयाला मेडिकेअर लागू होतं.

मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्यांना सरकारी विमा, इतकंच मला तेव्हा माहीत होतं. जरा खोलात सांगते, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. १९६५ साली हा कायदा झाला. पार्ट ए म्हणजे हॉस्पिटलमधलं राहणं. तुम्ही किंवा तुमच्या नवरा-बायकोनं साधारण दहा वर्षं कर भरला असेल तर त्याला हप्ता नाही. पार्ट बी म्हणजे डॉक्टर, तपासण्या, दवाखान्यात दिली जाणारी इंजेक्शनं. याला दरमहा हप्ता आहे, २०२१ साली १४८ डॉलर ५० सेंट होता. आणि पार्ट बी मध्ये पहिल्यापासून एक भोक आहे. वर्षाची ठरावीक रक्कम भरून झाली की खर्चाचे ऐंशी टक्के सरकार देतं, वीस टक्के तुम्ही. या वीस टक्क्यांना वरची मर्यादा नाही. शंभर डॉलरचे वीस डॉलर ठीक आहेत. दोन लाखांचे चाळीस हजार.

हे भोक बुजवायचे दोन रस्ते आहेत. एक, खासगी कंपनीकडून पूरक विमा घ्यायचा, ज्याला सगळे मेडिगॅप म्हणतात. दरमहा वेगळा हप्ता, पण मग मेडिकेअर घेणारा देशातला कुठलाही डॉक्टर चालतो आणि ते वीस टक्के ही कंपनी भरते. पूर्वी या पॉलिस्यांचा बाजारात नुसता गोंधळ होता, एकेका म्हाताऱ्याच्या गळ्यात दोन-दोन तीन-तीन मारलेल्या असत. १९९० च्या कायद्यानं त्यांचे साचे ठरवून दिले आणि त्यांना अक्षरं दिली. त्यामुळे आज 'प्लॅन जी' कुठल्याही कंपनीचा घ्या, आतला माल एकच, फरक फक्त किमतीत.

दुसरा रस्ता मेडिकेअर ॲडव्हान्टेज. सरकार तुमचे पैसे खासगी कंपनीला देतं आणि कंपनी तुम्हाला सांभाळते. बहुतेक वेळा वेगळा हप्ता शून्य. वर दात, चश्मा, जिम. बदल्यात त्यांचं नेटवर्क, त्यांची परवानगी. वर्षभरात तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल याला मर्यादा मात्र असते. २०२३ पासून निम्म्याहून जास्त लोक या दुसऱ्या रस्त्यानं जातात, आणि ते सगळे काही मूर्ख नाहीत.

बाबा या रस्त्यानं गेले. नेलं मी.

एप्रिल २०२१. कोविडमुळे मी क्वीन्समधलं भाड्याचं घर सोडून आईबाबांकडे येऊन राहिले होते. एजंट झूमवर होता. मंडळातल्या कुणीतरी नंबर दिलेला, 'आपलाच माणूस'. त्याचं नाव लिहीत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानं खोटं काही सांगितलं नाही. मी विचारलं, मेडिगॅप म्हणजे काय? तो म्हणाला, "चांगलं असतं, पण महिन्याला दीडशेच्या आसपास जातील. काकांची तब्येत कशी आहे?" बाबांनी तिथल्या तिथे उभं राहून दंड दाखवले. रोज चार मैल चालणारा माणूस, एक गोळी नाही.

"तब्येत ठणठणीत असताना महिना दीडशे डॉलर पाण्यात घालायचे?" बाबा म्हणाले.

"एक वर्ष ट्रायल असते काका. नाही आवडलं तर परत जाता येतं."

हे वाक्य बाबांना फार आवडलं. शर्ट परत करता येतो तसा विमा परत करता येतो. त्यांनी मला मान हलवून खूण केली आणि मी लॅपटॉपवर निळं बटण दाबलं. पुढे एका रात्री मी ते बटण स्वप्नात पाहिलंय.

एजंटनं जे सांगितलं नाही, आणि मी जे विचारलं नाही, ते असं. मेडिगॅप घ्यायला आयुष्यात एक सहा महिन्यांची खिडकी असते. तुम्ही पासष्ट पूर्ण केलीत आणि पार्ट बी सुरू झाला, की त्या महिन्याच्या एक तारखेपासून सहा महिने. या काळात कंपनी तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. कॅन्सर असो, दोन बायपास झालेल्या असोत, डायलिसिस असो, तिला पॉलिसी द्यावीच लागते आणि आजारामुळे जास्त पैसेही लावता येत नाहीत. सहा महिने संपले की बहुतेक राज्यांत कंपनी तुम्हाला प्रश्न विचारू शकते, आणि उत्तर आवडलं नाही तर दार लावू शकते. ही खिडकी दरवर्षी उघडत नाही. टीव्हीवर १५ ऑक्टोबरपासून ७ डिसेंबरपर्यंत ज्या जाहिरातींचा भडिमार असतो, 'ओपन एनरोलमेंट, ओपन एनरोलमेंट', ती वेगळी. त्या काळात ॲडव्हान्टेज प्लॅन बदलता येतो, औषधांचा पार्ट डी बदलता येतो, ॲडव्हान्टेज सोडून मूळ मेडिकेअरला परत जाताही येतं. फक्त मेडिगॅपचं दार त्यामुळे उघडत नाही. दोन गोष्टींना जवळजवळ एकच नाव ठेवणाऱ्या माणसाला एकदा भेटायची माझी इच्छा आहे.

ट्रायलचं मात्र खरं होतं. पासष्टला पहिल्यांदाच ॲडव्हान्टेज घेतलं असेल तर बारा महिन्यांच्या आत ते सोडून परत जाता येतं, आणि मेडिगॅप कंपनीला तेव्हाही नाही म्हणता येत नाही.

बाबांची पाठ दुखायला लागली २०२२ च्या फेब्रुवारीत. बर्फ काढताना लचकली असेल म्हणून महिनाभर शेक, मग फिजिओथेरपी, मग थकवा, मग रक्त कमी. एमआरआयच्या परवानगीला अठरा दिवस लागले. मेच्या पहिल्या आठवड्यात निदान झालं, मल्टिपल मायलोमा. हाडांच्या मगजातला कर्करोग. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या की हा पूर्ण बरा होत नाही पण आता वर्षानुवर्षं ताब्यात राहतो. इंजेक्शनं, गोळ्या, मग स्वतःच्याच स्टेम सेल्सचं प्रत्यारोपण. घरी येताना गाडीत कुणी बोललं नाही. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "अजून ट्रायल चालू आहे ना? माझा वाढदिवस १ जूनला. वर्ष तेव्हा पूर्ण होतं."

मला हायसं वाटलं. तीन आठवडे होते हातात. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये मायलोमावरच काम करणारं एक मोठं केंद्र होतं, ते बाबांच्या नेटवर्कमध्ये नव्हतं. मेडिगॅप घेतलं की जाता आलं असतं. ९ मेला सोमवारी सकाळी मी फोन लावला. चाळीस मिनिटं सतारीसारखं काहीतरी वाजत होतं. मग एक अत्यंत गोड आवाजाची बाई आली आणि तिनं सांगितलं, की तुमच्या वडिलांची ट्रायल ३० एप्रिलला संपली.

मी म्हटलं, चूक होतेय, त्यांचा वाढदिवस १ जून.

ती म्हणाली, बरोबर आहे, म्हणूनच.

अमेरिकन कायद्यात माणूस वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते वय पूर्ण करतो. १ जूनला जन्मलेला माणूस ३१ मेला पासष्टचा होतो. आणि मेडिकेअर सुरू होतं पासष्ट ज्या महिन्यात पूर्ण होतात त्या महिन्याच्या एक तारखेला. म्हणजे १ मे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेल्या सगळ्यांचं असंच, सगळं एक महिना आधी. बाबांच्या कार्डावर ते छापलेलंच होतं, मे ०१, २०२१. आम्ही ते कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून देवाच्या फोटोमागे ठेवलं होतं.

नऊ दिवस.

त्या रात्री मी हिशेब केला. तो करायला नको होता. बाबांची जन्मतारीख खरी असती, दिवाळीची, तर मेडिकेअर ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरमध्ये सुरू झालं असतं आणि मेमध्ये ट्रायलचे पाच-सहा महिने शिल्लक असते. कराडजवळच्या एका शाळेत, साधारण १९६२ साली, दौतीत टाक बुडवून एका माणसानं सोयीची तारीख लिहिली, आणि साठ वर्षांनी एडिसनमध्ये आमचं दार लागलं. मी हे बाबांना सांगितलं नाही. आईला सांगितलं. आई म्हणाली, "त्या मास्तरांमुळे ते शाळेत गेले. शाळेत गेले म्हणून इथे आले. कुठून कुठपर्यंत हिशेब करशील?" तिच्याशी या विषयावर मी पुन्हा बोलले नाही.

उपचार थांबले नाहीत, हे सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. नेटवर्कमधले डॉक्टर चांगले होते. दर आठवड्याला पोटात इंजेक्शन, घरी कॅप्सूल, स्टेरॉइडच्या दिवशी बाबा रात्री दोनला उठून भांड्यांचं कपाट लावायचे. पण प्रत्येक पायरीला परवानगी. स्कॅनला, औषध बदलायला. एकदा परवानगी नाकारली, अपील केलं, मिळाली, त्यात तेवीस दिवस गेले. आणि पैसे. खिशातून जाणाऱ्या पैशांना कायद्यानं ठरवलेली कमाल मर्यादा २०२२ ला नेटवर्कमध्ये ७,५५० डॉलर होती, २०२३ ला ८,३००. आमच्या प्लॅनची थोडी कमी होती. सप्टेंबरपर्यंत ती भरली, मग तीन महिने काही भरावं लागलं नाही, आणि जानेवारीत घागर पुन्हा रिकामी. मायलोमा दर जानेवारीला नव्यानं सुरू होणार हे आम्हाला तेव्हा कळलं.

ऑक्टोबरमध्ये मी हट्टानं मेडिगॅपचा अर्ज भरलाच. एक नाही, तीन कंपन्यांचा. पहिल्या पानावर प्रश्न होते. गेल्या काही वर्षांत यांपैकी कशाचं निदान किंवा उपचार झाले आहेत का? कर्करोग त्या यादीत होता. खाली लिहिलं होतं की एकाही प्रश्नाचं उत्तर हो असेल तर पुढे जाऊ नका. इतकं सभ्य 'चालते व्हा' मी आजवर वाचलं नव्हतं. बाबांनी चष्मा काढून ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं."

मला राग आला. पण बाबा आयुष्यभर हिशेबातले. त्यांनी मला पोळी लाटणाऱ्या आईसमोर बसवून समजावलं, की घराला आग लागल्यावर आगीचा विमा मिळायला लागला तर आधी कोण घेईल? सगळे आजारी पडेपर्यंत थांबतील, मग फक्त आजारीच उरतील आणि हप्ता कुणालाच झेपणार नाही. म्हणून सहा महिन्यांची खिडकी. निरोगी असतानाच आत या. "मी आलो नाही," ते म्हणाले. हे सगळं मला आजही पटतं. पटत नाही ते एवढंच, की पासष्टला आलेल्या माणसाच्या घरी त्या महिन्यात पंचवीस-तीस चकचकीत पत्रं येतात, त्यावर हसणारी पांढऱ्या केसांची जोडपी असतात, आणि 'ही निवड पुढे बदलणं कठीण आहे' हे वाक्य मोठ्या अक्षरात एकावरही नसतं.

यातून बाहेर काढलं एका म्हाताऱ्या बाईनं. प्रत्येक राज्यात मेडिकेअरबद्दल फुकट सल्ला देणारी सरकारी मदतीवर चालणारी व्यवस्था आहे, तिला शिप म्हणतात. तिथे बसणारे बरेचसे स्वयंसेवक असतात, स्वतः सत्तरी ओलांडलेले, आणि ते काही विकत नाहीत. मार्च २०२३ मध्ये मी बाबांना घेऊन एका ग्रंथालयाच्या तळघरात गेले. बाई विणकाम करत होत्या. माझी सगळी कथा ऐकली, कार्ड पाहिलं, १ जून पाहून म्हणाल्या, "अरेरे." मग विचारलं, "तू कुठे राहतेस?"

"क्वीन्समध्ये." मी तोवर परत गेले होते.

त्यांनी सुया खाली ठेवल्या.

न्यूयॉर्कमध्ये नियम वेगळे आहेत. तिथे मेडिगॅप वर्षभर कधीही मिळतं, आजार असला तरी. न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि मेन, या राज्यांत पासष्टच्या पुढच्यांसाठी खिडकी एकतर कायम उघडी असते किंवा दरवर्षी उघडते. शिवाय दुसरी गोष्ट. ॲडव्हान्टेज प्लॅन जिथे चालतो तो भाग सोडून तुम्ही राहायला दुसरीकडे गेलात, तर तो प्लॅन संपतो आणि काही ठरावीक मेडिगॅप पॉलिस्या तुम्हाला प्रश्न न विचारता द्याव्या लागतात. जुनं संरक्षण संपल्यापासून ६३ दिवसांच्या आत अर्ज करायचा. हे अमेरिकेत सगळीकडे लागू आहे. एडिसनपासून क्वीन्स साधारण पस्तीस मैल. गर्दी नसली तर गाडीनं तासभर.

"म्हणजे पत्ता बदलायचा," मी म्हटलं.

"म्हणजे घर बदलायचं," बाई म्हणाल्या. "जिथे खरोखर राहता तो पत्ता."

गाडीत मी बाबांना म्हटलं, माझा पत्ता लावून टाकू. टपाल माझ्याकडे येईल, तुम्ही अधूनमधून या. कोण बघतंय? मंडळातल्या दोघा-तिघांनीही पुढे हेच सुचवलं, एकानं तर विम्यासाठी फ्लोरिडात पत्ता ठेवणाऱ्या साडूचा दाखला दिला. बाबा बराच वेळ टर्नपाइककडे बघत राहिले. मग म्हणाले, "एक तारीख खोटी लागली, ती माझ्या हातात नव्हती. पत्ता माझ्या हातात आहे."

मग खरं काय ते समोर आलं. एडिसनचं घर. बाबांना त्याचं काही नव्हतं, त्यांना नवीन जागेत वायफाय चाललं की झालं. पण आई? बावीस वर्षांची भिशी, चालत जाण्याच्या अंतरावर वाणी, ज्यांच्याकडे कुकरची शिट्टी मागायला जाता येईल असे शेजारी. आईला गाडी चालवायची फार सवय नव्हती आणि सबवेची तर भीतीच. त्यात न्यूयॉर्कचा हप्ता. तिथे पासष्टचा आणि पंच्याऐंशीचा, धडधाकट आणि आजारी, सगळ्यांना एकच दर. म्हणूनच दार उघडं ठेवता येतं, आणि म्हणूनच दर चढा असतो. प्लॅन जी महिन्याला तीनशे डॉलरच्या वर, वर पार्ट बी चे १६४ डॉलर ९० सेंट, औषधांचा पार्ट डी वेगळा. एडिसनमध्ये दोन वर्षांपूर्वी दीडशेला मिळालं असतं ते.

आईनं तीन दिवस काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी पाहिलं तर ती कुंडीतला कढीपत्ता छाटत होती. "एवढा मोठा तुझ्या लिफ्टमध्ये मावणार नाही," म्हणाली.

घर भाड्यानं दिलं. फॉरेस्ट हिल्सला दोन खोल्यांचं घर घेतलं, आम्ही तिघं मिळून. जुलै २०२३ मध्ये सामान हललं. न्यूयॉर्कचं लायसन्स, विजेचं बिल, सोशल सिक्युरिटीला कळवणं, जुन्या प्लॅनला कळवणं. त्यांच्याकडून 'तुमचं संरक्षण ३१ जुलैला संपत आहे' असं पत्र आलं. एरवी असं पत्र आलं असतं तर घरात रडारड झाली असती. मी त्याच्या चार प्रती काढल्या, कारण मेडिगॅपच्या अर्जाला तेच लागतं. १ ऑगस्टपासून प्लॅन जी सुरू झाला. अर्जात तब्येतीचा एकही प्रश्न नव्हता. बाबांनी तरी खाली रिकाम्या जागेत आजाराचं नाव लिहायला पेन उघडलं होतं. मी पेन काढून घेतलं.

त्या मोठ्या केंद्रात ऑक्टोबरमध्ये प्रत्यारोपण झालं. सोळा दिवस दवाखान्यात, केस गेले, तोंडात फोड आले, आईनं मुगाचं पाणी बाटलीत भरून सबवेनं नेलं. सबवेनं. तिसऱ्या दिवसापासून तर ती एकटी जायला लागली आणि मला कुठल्या डब्यात चढलं की जिना समोर येतो हे सांगायला लागली. घरी विवरण यायचं त्यात आकडे असत, एका ओळीत पाच आकडी, सहा आकडी, आणि शेवटच्या रकान्यात 'तुम्ही देणे' समोर शून्य. वर्षाचे पहिले २२६ डॉलर सोडून. बाबा ती विवरणं तारखेवार लावून ठेवतात. ते वाचतानाचा त्यांचा चेहरा मी दहावीचं प्रगतिपुस्तक घेऊन यायचे तेव्हासारखा असतो.

आईचं पासष्ट त्याच नोव्हेंबरात आलं. तिचा जन्म मिरजेच्या दवाखान्यातला, तारखेबद्दल वाद नाही. बाबांच्या नोकरीवर तिला पार्ट ए मिळालं, पार्ट बी मी तीन महिने आधीच भरला, आणि मेडिगॅप. एजंट नव्हता. आईनं प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायला लावली. प्लॅन जी मध्ये परदेशात अचानक आजारी पडल्यास मदत मिळते हे ऐकून तिनं मला थांबवलं. मूळ मेडिकेअर भारतात जवळजवळ काहीच देत नाही. मेडिगॅपच्या या प्लॅनमध्ये प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांत तातडीचं काही झालं तर २५० डॉलरच्या वरच्या खर्चाचे ऐंशी टक्के मिळतात, आयुष्यभरात मिळून पन्नास हजार डॉलरपर्यंत. "साठ दिवस," आई म्हणाली. "म्हणजे गणपती ते दिवाळी बसतं."

२०२४ मध्ये ते खरोखर गेले, गणपती ते दिवाळी. बाबांचा रिपोर्ट चांगला होता. वसुबारसेला कराडला आत्याकडे होते. त्याच आठवड्यात सत्तरच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड देणं केंद्र सरकारनं सुरू केलं होतं. आत्याचा मुलगा मोबाइलवर आधार कार्ड काढून तिचं वय बघत होता. आत्याच्या आधारवर जन्मतारीख आहे १ जानेवारी. बाबा इतके हसले की मला व्हिडिओ कॉलवर काही कळेना. मग आत्यानं गवारीची भाजी केली होती ती दाखवली, आणि पहिली वाटी स्वतःच घेतली.

इथे क्वीन्सच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लावलेलं आहे. ते आई दरवर्षी जॅक्सन हाइट्सहून आणते. ऑक्टोबर लागला की टीव्हीवर तो जुना फुटबॉलपटू येतो आणि फोन करा, आजच फोन करा म्हणून ओरडायला लागतो. बाबा आवाज बंद करतात. यंदा मी पान उलटलं तर १५ तारखेच्या चौकोनात त्यांच्या बारीक, हिशेबी अक्षरात लिहिलं होतं: फक्त पार्ट डी. बाकीच्याला हात लावू नये.